झटकलेली चादर

हे सगळं अक्कांमुळं झालं. आधीच लिहून टाकते, कारण पुढं मी स्वतःबद्दल एवढं बोलणार आहे की वाचणाऱ्याला वाटायचं, हिनं एकटीनंच केलं.

अक्का म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. बंगळूरच्या चिकपेट बाजारामागं एका अरुंद गल्लीत त्यांचं दोन मजल्यांचं घर आहे. खाली त्या राहतात, वरच्या खोलीत मी. त्यांनी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात केली, नर्स म्हणून लागल्या आणि वॉर्डाच्या मुख्य सिस्टर होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांपैकी त्यांचं एक, त्यामुळं घरात मराठीच बोलतात, पण थोडं म्हणायचं तिथं ‘स्वल्प’ म्हणतात आणि बरं म्हणायचं तिथं ‘सरी’. आता माझ्याही तोंडात ते बसलंय. फोनवर आई वैतागते, “काय गं सारखं सरी-सरी करालीस?”

मी निपाणीकडची. दहावीत विज्ञानात नापास झाले. त्या दिवशी शाळेत सरांनी निकाल मोठ्यानं वाचला आणि माझ्या नावाशी येऊन क्षणभर थांबले. तो क्षणभर मला अजून ऐकू येतो. पुन्हा परीक्षेला बस म्हणून सगळ्यांनी सांगितलं. मी बसलेच नाही. बसायचं म्हणजे पुन्हा निकाल लागायचा, आणि तो पुन्हा कुणीतरी वाचायचा.

चुलत बहीण बंगळूरच्या टोकाला बोम्मसंद्र्याला राहायची, तिचा नवरा तिथल्या एका कारखान्यात. तिला बाळ झालं, मदतीला कुणीतरी हवं होतं, म्हणून मला पाठवलं. बाळ चालायला लागलं तसं माझं काम संपलं. मग चिकपेटमध्ये साड्यांच्या एका ठोक दुकानात लागले. बसनं रोज जाऊन-येऊन जीव निघायला लागला, तेव्हा दुकानाजवळ खोली शोधली, आणि अक्कांच्या दारात जाऊन उभी राहिले.

“काय शिकलीस?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

“दहावी.” मी ‘नापास’ हा शब्द गिळला.

दुकानात माझं काम साड्यांच्या घड्या घालायचं. गादीवर बसलेला सेल्समन गिऱ्हाइकासमोर ढीगभर साड्या उलगडून टाकायचा आणि गिऱ्हाईक उठलं की आम्ही दोघी-तिघी त्या पुन्हा जशाच्या तशा करायच्या. पुढं मालकांनी मलाच गादीवर बसवलं. साडी उघडणं ही एक कला आहे, खोटं सांगत नाही. एक टोक बोटांत धरायचं, मनगटाला झटका द्यायचा, आणि साडी हवेत अशी पसरायची की जरीवर दिव्याचा उजेड खेळला पाहिजे. गिऱ्हाइकाच्या तोंडून ‘अहा’ निघालं की निम्मी साडी विकली गेली. ते ‘अहा’ मी बऱ्यापैकी काढायची.

एकदा अक्का मोरीत घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. मी सकाळी दुकानाला जायच्या आधी त्यांना चहा-उप्पीट करून द्यायची. एके दिवशी चहा सांडला आणि चादर भिजली. त्यांना न उठवता, एका कुशीवर सरकवून मी ती बदलली. कुणी शिकवलं नव्हतं. सुरकुती दिसली की हात आपोआप जातो, एवढंच. अक्का माझ्या हातांकडं बघत राहिल्या.

“हात बरे आहेत तुझे. नर्सिंगला का जात नाहीस?”

“अक्का, मी दहावी नापास आहे.” निघालंच तोंडातून.

“मग पास हो.”

“विज्ञानात नापास आहे.”

“ऐकलं. विज्ञानात पास हो. आणि तो कप उचल, मुंग्या येतील.”

एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी पायाला प्लास्टर असताना त्यांनी फोनवरून कुणाकुणाला गाठून मुक्त विद्यालयाच्या फॉर्मची चौकशी करून ठेवली होती. मी नको म्हणायला खाली गेले, तर म्हणाल्या, “नको म्हणायला उशीर झाला. फोटो आण दोन.”

मग दहावी आणि त्यानंतर बारावी. दुकान उघडायच्या आधी, सकाळी सहा ते नऊ अक्कांच्या स्वयंपाकघरात. हृदयाचे चार कप्पे त्यांनी मला डोशाच्या पिठाच्या चार वाट्या मांडून शिकवले. चुकलं की ओरडायच्या. “अय्यो, अशुद्ध रक्त उजवीकडं! उजवा हात कुठला तुझा? दाखव!” बारावीचा निकाल मी बघितला नाही, त्यांनी बघितला. “आयतु,” म्हणाल्या, म्हणजे झालं एकदाचं, आणि पुन्हा भाजी चिरायला बसल्या. मी मात्र जिन्यावर बसून हमसून हमसून रडले, आनंदानंच.

नर्सिंग शाळेत प्रवेश मिळाला आणि दुकान सुटलं. मी वर्गात सगळ्यात मोठी. तीन वर्षांचा जीएनएमचा कोर्स. तो पुरा केला की राज्याच्या नर्सिंग परिषदेत नोंदणी होते आणि मग आपण खऱ्या नर्स. बाकीच्या पोरी अठरा-एकोणीसच्या, केरळच्या, मणिपूरच्या, रायचूरच्या. माझ्या शेजारी बसायची ती केरळची. ती मला दुसऱ्याच दिवसापासून चेची म्हणायला लागली, म्हणजे मोठी बहीण.

घरी मी काही सांगितलं नाही. दुकानात आहे, बरं चाललंय, एवढंच. मनात पक्कं होतं, पास झाले तर सांगेन, आणि नाही झाले तर कुणाला कळायलाच नको की मी दुसऱ्यांदा नापास झाले. गावाकडंही गेले नाही. आईच्या डोळ्याला डोळा भिडला असता तर सगळं बाहेर आलं असतं.

पहिल्या महिन्यात प्रयोगशाळेत पलंग घालायला शिकवतात. लोखंडी पलंग, त्यावर एक रबरी बाहुला, आणि आम्ही तीसजणी निळ्या गणवेशात गोल उभ्या. मॅडमनी विचारलं, “कोण करून बघतं?” मी पुढं झाले. आयुष्यात पहिल्यांदा वर्गात आपणहून पुढं झाले! घड्या, कोपरे, हे तर माझं राज्य. ट्रॉलीवरची चादर उचलली, टोक धरलं आणि दिला मनगटाला झटका. चादर हवेत काय सुंदर पसरली!

मॅडम किंचाळल्या. “अगं ए! साडी दाखवतेस काय? इथं नवरी कुठाय?”

वर्ग फुटला. मला कळेना काय चुकलं. मग मॅडमनी समजावलं. वॉर्डात चादर कधी झटकायची नाही. झटकली की धूळ उडते, जंतू उडतात, शेजारच्या पलंगावरच्या माणसाच्या जखमेवर जाऊन बसतात. चादर पलंगावर ठेवायची आणि जागच्या जागी उलगडत न्यायची, आवाज न करता.

“कुठं शिकलीस हे झटकणं?”

“चिकपेटमध्ये, मॅडम.”

झालं. त्या दिवसापासून तीन वर्षं माझं नाव चिकपेट. “चिकपेट, इंजेक्शनची ट्रे आण.” “चिकपेट, तुझ्या वॉर्डात सेल लागलाय का?” मला राग नाही यायचा. शाळेत मला कुणी कुठल्याच नावानं हाक मारायचं नाही.

आणि दिवस काय होते ते! मला सगळंच नवं आणि सगळंच हवं. स्टेथोस्कोप पहिल्यांदा कानात घालून मी शेजारणीचं हृदय ऐकलं तेव्हा ती विचारते, “चेची, चालू आहे ना?” बाळंतपणाच्या वॉर्डात तर आमची मारामारी. ठरलेल्या संख्येइतकी बाळंतपणं आपल्या हातानं करून, सिस्टरची सही घेऊन वहीत नोंदवावी लागतात, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळं एखादी बाई कळा देत आत आली की दारात आम्ही पाचजणी हातमोजे घालून तयार. “माझी पाळी!” “तुझी कशी? तुझी काल झाली!” सिस्टर ओरडायच्या, “आधी तिला आत तर येऊ द्या, नंतर भांडा!” पहिलं बाळ माझ्या हातात आलं ते सकाळी, नाश्त्याच्या वेळेला. ओलं, गरम, निसटतंय की काय असं. ते रडलं आणि मी इतकी हसले की सिस्टर म्हणाल्या, “अगं, तू काय आजी आहेस का त्याची? नाळेकडं बघ!” घरी आल्यावर मी अक्कांना ते तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदाही त्यांनी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

पण परीक्षेची भीती जायची नाही. शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधं, सगळं विज्ञानच की. पेपर लिहून आले की मी अक्कांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणून दाखवायची, आणि त्या शेंगा सोलता सोलता “हं”, “हं”, “हे राहिलं” असं म्हणायच्या. दोन वर्षं अशीच निघाली, एकदाही न अडकता.

तिसरं वर्ष शेवटचं. लेखी परीक्षा झाली होती आणि प्रात्यक्षिक राहिलं होतं. त्याच्या आधी वरमहालक्ष्मीचा सण आला, आणि दुकानाच्या मालकांचा फोन. सणासुदीला दरवर्षी मी जायचीच. माणूस चांगला, नाही म्हणवेना. दहा दिवस गादीवर बसले आणि शेकड्यांनी साड्या उघडल्या. माझं मनगट पुन्हा जुन्या वळणावर गेलंय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

प्रात्यक्षिकाला बाहेरच्या परीक्षक येतात. चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत जो पेशंट आणि जे काम निघेल ते त्यांच्यासमोर करून दाखवायचं. मला चिठ्ठी आली ती अशी: खुब्याचं ऑपरेशन झालेली आजी, अंथरुणावरच ठेवून चादर बदलायची. सगळ्यात सोपं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. मदतनीस म्हणून केरळची माझी मैत्रीणच मिळाली. मी मनात म्हटलं, देव पावला.

आजी बागलकोटकडच्या. त्यांची कन्नड माझ्या कानाला घरची, सीमेवरची, बंगळूरचे लोक जिला हसतात तशी. “हळू गं बाई,” म्हणाल्या. मी म्हटलं, “अज्जी, तुम्ही नुसत्या पडून राहा.” दोन पायांच्या मधे उशी ठेवली. चांगल्या बाजूला त्यांना वळवलं, मैत्रिणीनं धरून ठेवलं. मळकी चादर गुंडाळत पाठीपर्यंत नेली. परीक्षक मॅडम लिहीत होत्या. सगळं कसं वेळेत, बिनआवाजी चाललेलं. मी ट्रॉलीवरची स्वच्छ चादर उचलली.

आणि फट्‌!

माझ्या हातांनी ती उघडली, मी नाही. चादर आजींच्या डोक्यावरून कमानीसारखी पसरली आणि अलगद खाली आली. मैत्रिणीनं डोळे मिटून घेतले. परीक्षक मॅडमचं पेन थांबलं. शेजारच्या पलंगावर एका बाईचं ड्रेसिंग अर्धवट उघडं होतं.

त्या एका क्षणात मला शाळेतले सर दिसले, माझ्या नावापाशी थांबलेले.

पुढं जाता आलं असतं. चादर पडली होती, सरळ पडली होती. खोचायची आणि मोकळं व्हायचं. पण त्या उघड्या ड्रेसिंगकडं माझी नजर गेलेली, ती काही तिथून हलेना.

“मॅडम,” मी म्हटलं, “माझी चूक झाली. मी चादर झटकली. ही मी बाजूला टाकते, त्यांचं ड्रेसिंग आधी झाकते, हात धुते आणि दुसरी आणते.”

“वेळ वाढवून मिळणार नाही,” मॅडम म्हणाल्या.

“हो मॅडम.”

शेजारच्या बाईची जखम झाकली. चादर मळक्या कपड्यांच्या पिशवीत गेली. हात धुवायला गेले ते धावत नाही, कारण वॉर्डात धावायचं नाही हेही शिकवलेलं. माझ्यामागं अज्जींचा आवाज आला, “काय उघडली गं पोरीनं! दर तरी सांगून जा!” आजूबाजूचे दोन-तीन पेशंट हसले. मैत्रीण त्यांना तशीच धरून उभी, तिचेही खांदे हलत होते, हसण्यानं की भीतीनं कळेना.

दुसरी चादर मी पलंगावर ठेवून उलगडली. इंच-इंच. कोपरे खोचले, अज्जींना हळूच सरळ केलं. “दुखलं का?” “नाही गं.” नोंद लिहायला वही उघडली आणि वेळ संपली. नोंद कोरीच राहिली. नोंद नाही म्हणजे काम अपुरं, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून पढवलेलं.

परीक्षक मॅडमनी एकच विचारलं, “तिसऱ्या वर्षाची मुलगी चादर झटकते? का?”

“साडीच्या दुकानात होते मॅडम. गेले दहा दिवस पुन्हा तिथंच होते.”

त्यांनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग म्हणाल्या, “पुढची.”

घरी येऊन अक्कांना सांगितलं. मला वाटलं, जवळ घेतील. त्या कसल्या!

“झटकलीस? तीन वर्षांनी? अय्यो रामा!”

“मी नापास झाले, अक्का.”

“परीक्षक म्हणाल्या का तसं?”

“नाही.”

“मग तुला कुणी सांगितलं? ते नापासचं तुणतुणं बंद कर तुझं. ऊटा आयता?” म्हणजे जेवलीस का. मी जेवले नव्हते. त्यांनी ताट वाढलं, आणि मी जेवत असताना समोर बसून नोंद कशी दोन ओळींत लिहायची असते, वेळ कमी असला तर, ते सांगत राहिल्या. मी नर्स होणारच आहे, त्यामुळं मला हे यायलाच हवं, अशा थाटात.

निकालाला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात मी दुकानाच्या रस्त्यानंही गेले नाही. नापास झाले तर काय, याचा विचार करून करून दमले. तिथंच परत, गादीवर, आणि आईला पुन्हा तेच, बरं चाललंय.

एका सकाळी साडेअकराला फोन वाजला. मी गच्चीवर गहू वाळत घालत होते. मैत्रीण ओरडत होती, मल्याळम, हिंदी, इंग्लिश सगळं एकत्र, आणि त्यातून मला एवढंच कळलं, “चिकपेट! पास! दोघी पास!”

“नीट बघ. माझाच नंबर आहे?”

“तुझाच आहे! प्रॅक्टिकलला माझ्याहून जास्त आहेत, चेची, हे काय चाललंय!”

परीक्षक मॅडमनी त्या दिवशी काय लिहिलं, ते मला कधीच कळलं नाही. मी जिना उतरले की घसरले, आठवत नाही. अक्का दारातच होत्या, माझा आरडाओरडा ऐकून. मी त्यांना मिठी मारली. असं आम्ही कधी करत नाही. “सोड गं, हाड मोडेल,” म्हणाल्या, पण स्वतःच सोडलं नाही.

मग घरी फोन केला.

“आई, मी नर्स झाले.”

“कुणाची?”

“कुणाची काय, दवाखान्याची! तीन वर्षं शिकले. परीक्षा पास झाले.”

तिनं फोन बाबांकडं दिला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना एकच विचारायचं होतं.

“विज्ञान होतं का त्यात?”

“होतं, बाबा. सगळं विज्ञानच होतं.”

पलीकडं त्यांनी तेच वाक्य आईला मोठ्यानं सांगितलं.

आता परिषदेचं नोंदणीपत्र माझ्याकडं आहे. व्हाइटफील्डच्या एका रुग्णालयात लागले आहे. चिकपेटला मेट्रोत बसते, मॅजेस्टिकला बदलते, आणि पांढरा गणवेश पिशवीत घडी मोडू नये म्हणून मांडीवर धरून बसते. अजूनही पहिल्या दिवसासारखं छातीत धडधडतं, पण आता ती धडधड मला आवडते.

मागच्या आठवड्यात अक्कांना विचारलं, “तुम्हाला काय हवं, सांगा.” रागावल्या. पुन्हा विचारलं. पुन्हा रागावल्या. मग कॉफी पिता पिता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “तुमच्याकडं रस्त्यात सगळे मराठीच बोलतात काय?”

“जास्त करून.”

“बसवाला?”

“बसवालाही.”

“भाजीवाली?”

“ती तर भांडतेपण मराठीत.”

“आमच्या पिढ्यान्‌पिढ्या इथं गेल्या. घराबाहेर पाऊल टाकलं की मराठी संपते. स्वल्प दिवस तरी, दारापासून बाजारापर्यंत सगळीकडं आपलं बोलणं कसं लागतं कानाला, ते बघायचं होतं. राहिलं ते.” आणि कप घेऊन आत गेल्या.

अक्का, राहिलं नाही ते. नोकरीला वर्ष होऊ दे, पहिली मोठी रजा मिळू दे, तुम्हाला आमच्या घरी घेऊन जाते. तिथून पुढं कोल्हापूरला, आणखी जिथं म्हणाल तिथं. आई तुम्हाला भेटायला आसुसली आहे. बाबा बोलणार नाहीत फारसं, पण स्टँडवर तासभर आधी येऊन थांबतील. तुम्ही बाजारात जायचं आणि भाजीवालीशी पोटभर मराठीत घासाघीस करायची, मी नुसती पिशवी धरून मागं उभी राहीन. तुमचं फिटेल असं नाही, पण फेडायला सुरुवात मी तिथूनच करीन, हा माझा शब्द.